देवाला शास्त्रज्ञाचा दाखला कशाला? सप्ताह समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
भागवत सप्ताह समिती

जय हरी.

तुम्ही मला ओळखता. सप्ताहाचा माइक, भोंगे आणि जनरेटर माझा असतो. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला मिक्सर घेऊन बसलेला असतो तो मी. अमरावतीला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, नोकरी काही लागली नाही, मग मंडप आणि साऊंडच्या धंद्यात पडलो. हे पत्र अध्यक्षांच्या हातात दिलं असतं तर बंडीच्या खिशात राहिलं असतं, म्हणून चारचौघांत लिहितो आहे. शिवाय प्रकरण आपल्या एकट्या गावाचं नाही. तालुक्यात जिथे जिथे माझे भोंगे लागतात तिथे थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळतं.

गेल्या मार्गशीर्षातल्या सप्ताहात चौथ्या दिवशी महाराजांनी कथेत विज्ञान आणलं. अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं मरणाऱ्या माणसाचं वजन करून आत्मा २१ ग्रॅमचा असतो हे सिद्ध केलं. आइन्स्टाइननं कॉलेजात असताना नास्तिक प्राध्यापकाची बोलती बंद केली. स्वित्झर्लंडच्या मोठ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ नटराजाची पूजा करून मगच कामाला लागतात. टाळ्या पडल्या. मग आवाज खाली आणून महाराज म्हणाले की ज्यानं स्वतःहून जीव दिला त्याचा आत्मा घराभोवती भटकत राहतो, लेकराबाळांना त्रास देतो, आणि हे आता सायन्सनंही मान्य केलं आहे. शांती करायची असेल त्यांनी मंडपामागे नाव नोंदवावं.

मंडपात महिलांच्या बाजूला कोण कोण बसलं होतं हे मी लिहायची गरज नाही. आपल्या गावात नवऱ्यामागे सातबारा आणि सोसायटीचं कर्ज दोन्ही अंगावर घेतलेल्या बायका किती आहेत, ते समितीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यातल्या एका वहिनीनं दुसऱ्या दिवशी पावती घेतली. पैसे बचत गटातून उचललेले होते.

कुणी काय मानावं हा माझा विषय नाही. माझ्या घरी हरिपाठ होतो, आईच्या हाताला धरून मीही म्हणतो. माझी तक्रार एवढीच आहे की त्या माउलीला जे भय घातलं त्यावर शास्त्रज्ञांच्या नावाचा शिक्का मारला, आणि तो शिक्का बनावट आहे.

२१ ग्रॅमपासून सुरू करतो, कारण ती गोष्ट अगदीच हवेतली नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हेवरिल गावी डंकन मॅक्डूगल नावाचा डॉक्टर होता. त्यानं मरणाला टेकलेल्या रुग्णांची खाट मोठ्या काट्यावर मांडली आणि प्राण जाताना वजन किती उतरतं ते पाहिलं. निष्कर्ष १९०७ साली छापले. रुग्ण किती? सहा. त्यातले दोन त्यानं स्वतःच बाद केले. एकाच्या वेळी काटा नीट जुळला नव्हता, दुसरा काटा जुळवता जुळवताच गेला. उरलेल्या चौघांचे आकडे एकमेकांना धरून नव्हते. एका रुग्णाचं वजन पाऊण औंस उतरलं, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम. सव्वाशे वर्षं जगभर फिरणारा आकडा तो एवढाच. जिनिंगच्या काट्यावर क्विंटलमागे काय काय होऊ शकतं हे ज्या गावाला पाठ आहे, त्या गावानं एका माणसाच्या एका वजनावर विश्वास ठेवावा, याचं मला नवल वाटतं.

त्याच डॉक्टरनं पंधरा कुत्र्यांवरही हा प्रयोग केला. वजन उतरलं नाही. मग कुत्र्यांना आत्मा नसतो असा त्यानं अर्थ लावला. महाराजांनी हा अर्धा भाग गाळला, आणि गाळणं भागच होतं. कारण तिसऱ्या दिवशी त्यांनीच पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आम्हाला डोळ्यांसमोर उभे करून दाखवले होते. ती कथा आणि हा डॉक्टर एका व्यासपीठावर बसूच शकत नाहीत.

कथा सुटल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. नववीतली एक पोरगी मिक्सरपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, तो मानूस मेला तवा घामानं चादर भिजली असन नं? ते वजन कोनी मोजलं?" मी गप्पच झालो. ऑगस्टस क्लार्क नावाच्या डॉक्टरनं मॅक्डूगलला हाच आक्षेप घेतला होता: श्वास थांबला की फुफ्फुसात रक्त थंड होणं थांबतं, अंग तापतं, घाम सुटतो आणि वजन उतरतं, कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही म्हणून त्याचं उतरत नाही. आपल्या शाळेतल्या पोरीला मंडपात बसल्या बसल्या जे सुचलं, ते विचारायला तिला मंडपात जागा नव्हती. माझ्यापाशी यावं लागलं.

आता आइन्स्टाइन. थंडी म्हणजे उष्णता नसणं, अंधार म्हणजे उजेड नसणं, तसं पाप म्हणजे देव नसणं, असं सांगून प्राध्यापकाला निरुत्तर करणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट ऐकायला छान आहे. पण ती आइन्स्टाइनच्या आयुष्यात घडलेली नाही. आधी ती बिननावाच्या विद्यार्थ्याची म्हणून फिरत होती, नाव मागून चिकटलं. तो खरोखर काय म्हणाला ते लेखी आहे. १९२९ साली न्यूयॉर्कच्या एका ज्यू धर्मगुरूनं तारेनं विचारलं, देव मानता का? उत्तर आलं की विश्वाच्या सुसंगत रचनेत दिसणारा, स्पिनोझा नावाच्या तत्त्वज्ञानं सांगितलेला देव मानतो. माणसांच्या नशिबात आणि कामांत लक्ष घालणारा देव नाही. १९५४ साली, मरणाच्या वर्षभर आधी, त्यानं एरिक गुटकिंड नावाच्या तत्त्वज्ञाला पत्र लिहिलं. त्यात देव हा शब्द त्यानं मानवी दुबळेपणाची उपज ठरवला. ते पत्र २०१८ साली सुमारे २९ लाख डॉलरला विकलं गेलं. मेल्यावर माणूस कुठल्या रूपानं उरतो हे तर त्याला कधीच पटलं नाही. म्हणजे नवसाला पावणाऱ्या देवासाठी साक्षीदार म्हणून बोलवायला याच्याइतका अडचणीचा माणूस शोधून सापडायचा नाही.

नटराजाचं थोडक्यात. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या आवारात नटराजाचा पुतळा आहे, तो भारत सरकारनं २००४ साली भेट दिला. पूजेचा भाग महाराजांच्या पदरचा. तिथेच २०१२ साली सापडलेल्या ज्या कणाला आपल्याकडे देवकण म्हणतात, तो ज्याच्या नावाचा आहे तो पीटर हिग्ज स्वतः नास्तिक होता.

इथवर वाचून समितीतली तरुण मंडळी खूश झाली असतील. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, त्यांनी चौकात बॅनर लावलं होतं: 'देव मानणारा शास्त्रज्ञ होऊच शकत नाही.' पोरांनो, तुमच्या बॅनरचीही तीच गत आहे.

१९७९ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले दोघे स्टीव्हन वाइनबर्ग आणि अब्दुस सलाम. निसर्गातली दोन वेगळी वाटणारी बलं, विद्युतचुंबकीय आणि क्षीण, मुळात एकच आहेत हे त्यांनी वेगवेगळं बसून मांडलं. एकानं १९६७ मध्ये, दुसऱ्यानं १९६८ मध्ये. वाइनबर्ग पक्का नास्तिक, धर्मावर कडक टीका करणारा. सलाम हा पंजाबातल्या झंगचा, पाच वेळा नमाज पढणारा अहमदिया मुसलमान. स्टॉकहोमला पगडी बांधून गेला आणि मेजवानीच्या भाषणात त्यानं कुराणाचा दाखला दिला. १९८३ साली सर्नमध्ये त्यांनी सांगितलेले कण सापडले. समीकरणात एकाचा अल्ला नव्हता आणि दुसऱ्याचा नास्तिकपणाही नव्हता, त्यामुळे यंत्राला दोघांत फरक करता आला नाही. रामानुजन नामगिरी देवीचं नाव घेई आणि त्याला केंब्रिजला नेणारा हार्डी देवाशी भांडण असल्यासारखा वागे. गणित दोघांनी मिळून केलं. बॅनरवर यातला कोण घालणार?

आणखी एक माणूस मला फार आवडतो. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा, कॅथलिक पाद्री. विश्व पसरतं आहे हे त्यानं १९२७ साली गणितानं मांडलं आणि ते एका आदिम अणूतून निघालं असावं हे १९३१ साली. आज ज्याला महास्फोट म्हणतो त्याची सुरुवात ही. १९५१ मध्ये खुद्द पोप बारावे पायस म्हणाले की या शोधानं सृष्टीच्या निर्मितीला पुष्टी मिळाली. पाद्री असून लमेत्रला ते रुचलं नाही. त्याचं म्हणणं, हा सिद्धान्त देवाच्या प्रश्नाबाहेरचा आहे, तो आस्तिकानंही वापरावा आणि नास्तिकानंही. पुढे पोपनी तसं बोलणं टाळलं. आपले जयंत नारळीकर तर महास्फोटाचा सिद्धान्तच शेवटपर्यंत मानायला तयार नव्हते. महाराज हल्ली महास्फोटाला ओंकार म्हणतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. सिद्धान्त बदलायला मोकळा असतो. त्याच्यावर देव टेकवून ठेवला तर सिद्धान्त सरकल्यावर देवाचं काय करणार?

शास्त्रज्ञ देव मानतात की नाही याची मोजणीही झाली आहे. अमेरिकेत जेम्स ल्यूबानं १९१४ साली हजार शास्त्रज्ञांना विचारलं होतं. चाळीस टक्क्यांच्या आसपास आस्तिक निघाले. १९९६ मध्ये दुसऱ्या दोघांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, आकडा जवळपास तोच आला. मग त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सभासदांना, म्हणजे अगदी वरच्या फळीला विचारलं, तेव्हा आस्तिक फक्त ७ टक्के भरले. महाराजांच्या बाजूचे लोक चाळीस सांगतात, बॅनरवाले सात सांगतात. खरं तर ल्यूबानं विचारलेला देव फार ठरावीक होता: प्रार्थना ऐकून उत्तर देणारा. स्पिनोझाचा देव मानणारा आइन्स्टाइन तिथे 'नाही'च्या रकान्यात गेला असता. वरच्या फळीत देवावरचा विश्वास कमी दिसतो हे मी लपवणार नाही, ते आहेच. पण मतं मोजून देव निवडून येतही नाही आणि पडतही नाही.

आपल्याकडची तऱ्हा आणखी वेगळी. इस्रोची मंडळी यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. चांद्रयान-२ च्या वेळीही दर्शन झालं, चांद्रयान-३ च्या वेळीही झालं. एक २०१९ साली आदळलं, दुसरं २३ ऑगस्ट २०२३ ला अलगद उतरलं. मधल्या चार वर्षांत बदललं ते यान: पाय भक्कम केले, इंधन वाढवलं, प्रणाली सुधारली, उतरायची जागा अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीची होती ती चार किलोमीटर लांब आणि सुमारे अडीच किलोमीटर रुंद धरली. दर्शनाला जाऊन त्यांना बळ मिळत असेल तर जावं की. बळाचा आणि इंधनाचा हिशेब ते वेगवेगळा ठेवतात म्हणून ते शास्त्रज्ञ आहेत.

मरणोत्तराचा प्रश्न मात्र मी देवाच्या प्रश्नात मिसळू देणार नाही. इथे माझं मत जरा परखड आहे. देव आहे की नाही, हे काट्यानं किंवा दुर्बिणीनं ठरत नाही. निर्गुण म्हटल्यावर मोजायचं काय? पण आत्म्याला वजन असतं, तो छतापाशी तरंगत खालचं पाहतो, मागच्या जन्माची भाषा बोलतो, घराभोवती फिरून लेकरांना आजारी पाडतो, असं कुणी म्हणालं की ते तपासता येतं. आणि लोकांनी तपासलं आहे.

हृदय बंद पडून परत आलेल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१४ साली छापून आला. १५ रुग्णालयं, हृदय थांबल्याचे २०६० प्रसंग. काही खोल्यांत उंचावर फळ्या मारून त्यांवर चित्रं ठेवली होती, फक्त वरूनच दिसतील अशी. वाचलेल्यांपैकी काहींना उजेड, शांतता, जुन्या आठवणी असं काही काही अनुभवाला आलं, त्यात खोटं काही नाही. पण चित्र पाहिल्याचं कुणीच सांगू शकलं नाही.

पुनर्जन्माचं एक गाजलेलं प्रकरण तर आपल्या नागपूरचं आहे. १९७० च्या दशकात एक शिकलेली मराठी बाई मधूनच जुन्या काळच्या बंगाली स्त्रीसारखी बोलू-वागू लागली. व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी ते प्रकरण तपासलं. त्यांनी आयुष्यभरात अशी हजारो प्रकरणं जमवली, पण 'सिद्ध झालं' असं म्हणायची घाई केली नाही. ही उदाहरणं पुनर्जन्म सुचवतात, इतकंच ते म्हणत. नागपूरच्या प्रकरणात टीकाकारांनी बोट ठेवलं ते यावर की त्या बाईंनी आधी थोडंफार बंगाली वाचायला शिकून घेतलं होतं. स्टीव्हन्सन यांनी आकड्यांचं एक कुलूप लावून ठेवलं होतं. आकडे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात. मेल्यावर कळवता आले तर कळवीन, असा बेत. २००७ साली ते गेले. कुलूप उघडल्याचं कुणी जाहीर केलेलं नाही. या माणसाबद्दल मला आदर वाटतो. मानत होता, तरी स्वतःला खोटं पाडायची सोय करून गेला.

तेव्हा स्वतःहून गेलेल्याचा आत्मा भटकतो हे 'सायन्सनं मान्य केलं' म्हणणं धडधडीत खोटं आहे. याबाबत विज्ञानानं जे खरंच शोधलं आहे ते ऐकायचं असेल तर ऐका. श्रीलंकेनं अति विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. रागाच्या, निराशेच्या त्या घडीला विष हाताशी नसलं की पुष्कळ माणसं वाचतात. फवारणीचे डबे घरात खाटेखाली न ठेवता कुलपात ठेवा, आणि मन फार खचलं तर १४४१६ या सरकारी टेली-मानस नंबरवर फुकट बोलता येतं, ही दोन वाक्यं त्या दिवशी माझ्या माइकवरून गेली असती तर चालणार नव्हतं काय?

लोणार आपल्यापासून लांब नाही. सप्ताहाच्या सहलीला समितीनं एकदा दैत्यसूदनाचं दर्शन घडवलं होतं. त्या विवराला लोक लवणासुराची जागा म्हणतात. शास्त्रज्ञ बराच काळ त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते, पुढे १९७० च्या दशकात आघातानं बनलेल्या काचेवरून आणि खडकांवरून ते आकाशातून आदळलेल्या दगडानं झालं हे पक्कं झालं. वय एका पद्धतीनं ५२ हजार वर्षं येतं, दुसरीनं साडेपाच लाखांच्या पुढे. दोन्ही आकडे पद्धतीसकट छापलेले आहेत, कुणी लपवले नाहीत. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा गावात कोप-बिप सुरू झालंच होतं, पण पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुने गेले आणि खारात जगणारे सूक्ष्मजीव निघाले. देऊळ तसंच आहे, गर्दीही तशीच आहे. विज्ञान जवळ येऊन बसलं म्हणून दैत्यसूदनाचं काही बिघडलं नाही.

मी कायद्याचा धाक घालतो आहे असं कुणी समजू नये. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं कीर्तन, प्रवचन, हरिकथा स्पष्टपणे वगळल्या आहेत. मला त्या वगळलेल्याच हव्या आहेत. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत सुटायचे, आणि लोकांनी उत्तरं द्यायची. कुणी पाया पडायला आलं तर काठी उगारायचे. त्यांच्या कीर्तनात कुणा विदेशी शास्त्रज्ञाच्या सहीची गरज पडली नाही. भागवताला तरी कुठे आहे? सात दिवसांत मरण ठरलेल्या परीक्षितीनं शुकांना विचारलं की मरणाऱ्यानं काय ऐकावं, काय करावं. वजन त्यानं विचारलं नव्हतं. माझे शेजारी भोयरकाकाजी ऐंशीच्या पुढचे, अंगठाबहाद्दर. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "देवाले कोनाची सही लागत नाई बापू. सही लागते ते कर्जाच्या कागदाले."

रामनवमीला समितीची बैठक आहे आणि पुढल्या सप्ताहाचे महाराज त्याच दिवशी ठरणार आहेत. बिदागी ठरवताना त्यांना आधीच सांगा की कथा मनसोक्त करा, पण शास्त्रज्ञाचं नाव घ्यायचं तर कोण, कुठे, कधी हे सांगायची तयारी ठेवा. आणि मंडपात किंवा मंडपामागे शांतीच्या पावत्या फाटणार नाहीत. वहिनींचे पैसे समितीनं वर्गणीतून परत करावेत, मागे लागून महाराजांकडून आणता आले तर उत्तमच. पाचव्या दिवशी कथा आणि हरिपाठ यांच्या मधला तास शाळेच्या मुलांना द्या. प्रश्न त्यांचे, उत्तरं हायस्कूलच्या विज्ञानाच्या मॅडमची आणि महाराजांची, दोघांचीही. त्या तासाचं भाडं मी लावणार नाही. युवा मंडळानं बॅनर उतरवायचं की नाही ते त्यांचं त्यांनी पाहावं, पण सलाम आणि वाइनबर्ग यांचे फोटो शेजारी शेजारी लावायचे असतील तर फ्लेक्सचा खर्च माझा.

मॅक्डूगलच्या लेखाची प्रत मी छापून ठेवली आहे. बैठकीला घेऊन येतो. इंग्रजीत आहे, पण मॅडम वाचून सांगायला तयार आहेत. अर्ध्या तासाचं काम आहे, चहा होईपर्यंत संपेल.

आपला,
सप्ताहाचा साऊंडवाला